सहा देश कशाला, दोन पुरेत

यावेळचं पत्र साताऱ्याहून आलंय. बरंच मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं देते. ताई ५६ वर्षांच्या, शाळेतून व्हीआरएस घेतलेल्या. मिस्टर ६१, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. मुलगी म्युनिकला असते त्यामुळे दोघांकडे शेंगेन व्हिसा आहे. त्या लिहितात:

"आम्हाला दक्षिण अमेरिकेतली जुनी शहरं बघायची आहेत, स्पॅनिश लोकांनी वसवलेली, तिथले चौक, चर्च, बाजार, जुने वाडे. टूर कंपनीने जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही फोनच ठेवला. मग मुलाने एक्सेल करून दिलं, सहा देश, ४८ दिवस, १९ शहरं. बघूनच दमायला झालं. आमच्याकडे खरं तर अडीच महिने आहेत, पैसे मात्र बेताचे. स्पॅनिश येत नाही. शाकाहारी आहोत, अंडं चालतं. उंचीवर यांना त्रास होईल का याची धास्ती वाटते. आणि मी कायम साडीच नेसते, ती तिकडे चालेल का? आम्हाला हे जमेल का?"

ताई, नमस्कार.

जमेल. अगदी नीट जमेल, आणि अडीच महिने हातात आहेत ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, पैशापेक्षाही मोठी. मुलाने मनापासून केलंय ते दिसतंय, पण ४८ दिवसांत १९ शहरं म्हणजे एका गावाला अडीच दिवस, त्यातला एक बसमध्ये नाहीतर एअरपोर्टवर जाणार, अर्धा बॅगा उघडण्यात आणि परत भरण्यात, मग उरतं काय? आणि पैसा खरा कुठे जातो माहितीये का, गावात राहण्यात फारसा जात नाही, गाव बदलण्यात जातो. स्टँडपर्यंत टॅक्सी, बसचं तिकीट, उतरल्यावर परत टॅक्सी, अनोळखी गावात पहिल्या दिवशी चौकातल्याच महागड्या हॉटेलात जेवण, एका रात्रीच्या भावाने घेतलेली खोली. तेच तुम्ही एका गावात दोन-तीन आठवडे थांबलात की खोलीवाला आठवड्याचा नाहीतर महिन्याचा भाव लावतो, स्वैपाकघर वापरायला मिळतं, भाजीवाली ओळखायला लागते, आणि कुठल्या गल्लीत स्वस्तात चांगलं जेवण मिळतं ते चार दिवसांत कळतंच.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, गावं कमी करा आणि प्रत्येक गावात घर मांडा. सहा देशांतले चार काढा. पेरू आणि बोलिव्हिया, बास. कोलंबियातलं कार्ताहेना सुंदर आहे, इक्वाडोरमधलं कितो तर १९७८ सालच्या युनेस्कोच्या अगदी पहिल्या यादीतलं शहर आहे, ब्राझीलमधलं ओउरो प्रेतो आणि साल्वादोर बघताना ज्याने गोव्यातली जुनी चर्चं पाहिलीयेत त्याला फार ओळखीचं वाटेल कारण घडवणारे पोर्तुगीजच. पण ही अंतरं प्रचंड आहेत, जमिनीवरून जोडायला गेलात तर आठवडे जातात आणि विमानाने जोडायला गेलात तर बजेट जातं. पेरू-बोलिव्हियाचं तसं नाही, तिथली जुनी शहरं एका माळेत आहेत, बसने एकातून दुसऱ्यात जाता येतं, आणि दोन्हीकडे रोजचा खर्च हाताबाहेर जात नाही.

आता क्रम. हा क्रम मी नकाशा बघून लावलेला नाही, उंची बघून लावलाय, आणि यातच तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. लिमा समुद्रकाठी आहे, तिथे दोन-तीन दिवस जेटलॅगसाठी. मग आरेकीपा, साधारण २,३३५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे, म्हणजे आरेकीपाचा भाजीबाजार आपल्या सगळ्यात उंच शिखराहून जवळपास सातशे मीटर वर भरतो, तरीही इथे बहुतेकांना त्रास होत नाही. तिथे दोन आठवडे काढले की शरीर हळूहळू सरावतं. मग कुस्को ३,४०० मीटर, साधारण लेहच्या आसपास. मग तितिकाका तलाव ३,८००, ला पाझ साडेतीन हजारांच्या वर, आणि मग खाली सुक्रेला २,८०० वर. पोतोसी चार हजारांच्या वर आहे पण ते शेवटी, सुक्रेहून दोन-तीन दिवसांसाठी जायचं आणि यायचं. लोक काय करतात, लिमाहून थेट विमानाने कुस्कोला उतरतात आणि पहिले दोन दिवस डोकं धरून झोपून काढतात. तुम्ही तसं करू नका. ला पाझला थेट उतरणं तर त्याहून वाईट कारण विमानतळच चार हजार मीटरच्या वर आहे.

बीपीच्या गोळीबद्दल मात्र मी काही बोलणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. त्यांना हे आकडे लिहून दाखवा, उंचीसाठी डायमॉक्स घ्यायची का आणि ती चालू गोळीबरोबर चालेल का ते स्पष्ट विचारा. तिकडे कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, पेरू-बोलिव्हियात तो कायदेशीर आहे, प्यायला हरकत नाही, पण पानं किंवा त्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, आपल्याकडे तो अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना किती मीटरपर्यंत कव्हर आहे ते बारीक अक्षरात वाचा, काही पॉलिसींना उंचीची मर्यादा असते.

आरेकीपाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बहुतेक लोक तिथे दोन रात्री राहून पुढे पळतात. हे शहर सियार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं आहे. दगड मऊ, त्यामुळे कोरीवकाम भरपूर, चौकाच्या कोपऱ्यावरच्या ला कोंपानिया चर्चचा दर्शनी भाग १६९८ सालचा आहे, त्यावर युरोपातल्या वेलबुट्टीत स्थानिक कारागिरांनी इथली फुलं-पानं आणि चेहरे घुसवलेत. सकाळी बघा आणि संध्याकाळी परत बघा, उन्हाची दिशा बदलली की तोच दगड वेगळा दिसतो. मागे मिस्ती ज्वालामुखी उभा, ५,८२२ मीटर. भूकंप इथे नित्याचे, २००१ च्या भूकंपात कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला आणि मग परत बांधला.

आणि सांता कातालिना. हा जोगिणींचा म्हणजे नन्सचा मठ १५७९ चा, चारशे वर्षं बाहेरच्यांना बंद होता, १९७० ला लोकांसाठी उघडला. मठ म्हणतात पण आत गेलात की चक्क एक गाव आहे, गल्ल्यांना कोर्दोबा, तोलेदो, सेविया अशी स्पेनमधल्या शहरांची नावं, भिंती काही लालभडक तर काही गर्द निळ्या. श्रीमंत घरच्या मुली इथे येताना मोलकरणी घेऊन यायच्या, प्रत्येकीची वेगळी खोली आणि वेगळी चूल, चुलीवरच्या भिंतीवर अजून काजळी दिसते. मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणजे तिथला धोबीघाट. मोठाले मातीचे रांजण उभे अर्धे कापून आडवे मांडलेत, मधोमध दगडी पाट, ज्या रांजणात पाणी हवं तिथे पाटात हात आडवा धरायचा की पाणी वळून त्यात पडतं, खाली भोक, त्याला बूच. इतकं साधं आणि इतकं डोकेबाज. तिकीट महाग वाटेल, म्हणून सकाळी उघडतानाच जा, जेवणाचा डबा करून घ्या आणि संध्याकाळपर्यंत आतच राहा. एका कोपऱ्यात जोगिणी आजही राहतात, तो भाग बंद असतो.

बाकी आरेकीपात काय करायचं तर काही नाही. सान कामिलो बाजारात जायचं, बटाट्याचे ढीग बघायचे. बटाटा मूळचा याच डोंगरांतला, पेरूत त्याच्या हजारो जाती आहेत, जांभळे, पिवळे, बोटाएवढे, गाठीगाठींचे. रोज एक नवीन घेऊन घरी उकडून बघा.

लिमा ते आरेकीपा हजार किलोमीटर आहे, बसला पंधरा-सोळा तास लागतात. तुमच्या वयात मी हा एक टप्पा विमानाने करा म्हणेन, आधी काढलं तर स्वस्त पडतं. पुढचं सगळं बसने, आणि दिवसाच्या बसने. तिकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये सेमी कामा आणि कामा असे प्रकार असतात, कामा म्हणजे जवळजवळ आडवी होणारी सीट, थोडे पैसे जास्त जातात, तेवढे घाला. तिकीट स्टँडवरच्या खिडकीवर काढा, दोन-तीन खिडक्यांवर भाव विचारून. बसायच्या आधी स्टँडचा वेगळा छोटासा कर भरायचा असतो, त्याची चिठ्ठी नसेल तर गाडीत चढू देत नाहीत, नवख्या माणसाची तिथे फार धावपळ होते. पर्स आणि पासपोर्ट मांडीवर, वरच्या फळीवर नाही, पायाखाली नाही. रात्री अपरात्री नव्या गावात उतरायचं नाही, हा नियम मोडू नका.

कुस्कोला बस पोचली की पहिल्या दिवशी तिथे राहूच नका. शक्य असेल तर तशाच खाली खोऱ्यात ओयांतायताम्बोला जा, ते २,८०० मीटरवर आहे, चार-पाच दिवस तिथे. स्पॅनिश लोक येण्याआधीच्या इंका काळात आखलेल्या गल्ल्यांमध्ये लोक आजही राहतात, गल्लीच्या कडेने दगडी पाटातून पाणी वाहत असतं, रात्री खोलीत त्याचा आवाज येतो. माचू पिक्चूची ट्रेनही इथूनच जवळ. माचू पिक्चूला जायचं तर जा, मी नको म्हणणार नाही, पण तुमच्या अख्ख्या ट्रिपमधला तो सगळ्यात खर्चिक दिवस असेल हे धरून चाला. तिकीट वेळेचं आणि ठराविक मार्गाचं असतं, जून ते ऑगस्टमध्ये फार आधी संपतं, सरकारी साईटवरूनच काढा.

कुस्कोत पुरे दोन आठवडे द्या. इथे दोन शहरं एकावर एक आहेत. खालची भिंत इंकांची, चुना नाही की सिमेंट नाही, दगडाला दगड असा घासून बसवलाय की फटीत सुरीचं पातं जात नाही, आणि त्याच्यावर स्पॅनिश लोकांनी चढवलेला मजला, सज्जे, कौलं. कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर, त्यावर सांतो दोमिंगोचं चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात चर्चची मोठी पडझड झाली आणि आतल्या इंका भिंती तशाच उभ्या राहिल्या, आज दोन्ही एकाच वेळी बघता येतात. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने काढलेलं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र शोधा, ताटात कुई ठेवलाय, म्हणजे गिनीपिग, जो इथल्या घरांत सणासुदीला खातात. परक्यांचा देव रंगवताना चित्रकाराने त्याच्यापुढे आपल्या घरचं ताट ठेवलं. अशा गोष्टी घाईत निसटतात हो, गाईड पुढे गेलेला असतो.

कुस्कोत एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे बोलेतो तुरिस्तिको म्हणून एक एकत्रित तिकीट मिळतं, १६ ठिकाणांचं, आणि ते फक्त १० दिवस चालतं. लोक पहिल्याच दिवशी घेतात आणि मग पळत सुटतात. तुम्ही पहिले तीन-चार दिवस नुसतं गल्ल्यांमध्ये फिरा, कोरिकांचा आणि कॅथेड्रल यात येत नाहीत ते आधी करून घ्या, मग तिकीट काढा आणि १० दिवस सावकाश वापरा. २४ जूनला इंती रायमीचा उत्सव असतो, त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, बजेटसाठी तो आठवडा आरेकीपात काढलेला बरा.

पुढे पुनोवरून तितिकाकाच्या काठाने बोलिव्हियात. कोपाकबानाला चार दिवस थांबा, मोठं पांढरं चर्च आहे, तीर्थक्षेत्र आहे, लोक नवीन गाड्या फुलांनी सजवून आशीर्वादाला आणतात, ते बघून तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. तिथून ला पाझला जाताना तिकिना नावाची सामुद्रधुनी लागते, सगळे प्रवासी खाली उतरून छोट्या होडीने पलीकडे जातात आणि बस एकटी लाकडी तराफ्यावर चढून डुलत डुलत मागून येते. बॅग बसमध्ये असली तरी पासपोर्ट अंगावर ठेवा.

ला पाझ आठवडाभर. मला ते शहर दमवतं, सगळे चढ-उतार, पण केबल कार बघायचीच. २०१४ पासून शहराची सार्वजनिक वाहतूक म्हणून चालते, तिकीट किरकोळ, एका लाइनवरून दुसरीवर बसून अख्खा दिवस फिरलात तरी चालेल, आणि चढणं टळतं.

मग सुक्रे. इथे तीन आठवडे, आणि मिस्टरांना सांगा की इथे काही बघायला जायचं नाहीये, राहायला जायचंय. हवा मवाळ, चालायला सपाट चौक, पांढरी शहरवस्ती, १९९१ पासून युनेस्कोच्या यादीत. पोतोसीच्या चांदीवर जे गबर झाले ते राहायला इथे, कारण वर थंडी आणि धाप. बोलिव्हियाचं स्वातंत्र्य ६ ऑगस्ट १८२५ ला इथेच जाहीर झालं, ज्या दालनात झालं ते चौकातच आहे, कासा दे ला लिबेर्ताद. कागदोपत्री राजधानी आजही सुक्रेच. तुमच्यासाठी खरं कारण म्हणजे इथल्या स्पॅनिशच्या शिकवण्या. शिकवणारे हळू आणि स्पष्ट बोलतात, एकास एक शिकवणीही परवडते, बऱ्याच ठिकाणी घरी राहायची सोय जोडून देतात. सकाळी दोन तास शिका, मग बाजारात जाऊन शिकलेलं वापरा. तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलंत, विद्यार्थिनी होऊन बाकावर बसायला तुम्हाला मजा येईल बघा. पण घरून निघायच्या आधी आकडे, वेळ, भाव, डावं-उजवं एवढं तरी पाठ करून जा, ते सुक्रेपर्यंत थांबणार नाही.

सुक्रेच्या बाजारात रसवाल्या बायका फळांच्या डोंगरामागे उंच बसतात. ग्लास संपवला की भांड्यात उरलेला रस त्याच ग्लासात परत ओततात, त्याला यापा म्हणतात, दिला नाही तर हक्काने मागायचा. शहरात विणकामाचं एक छोटं म्युझियम आहे, हाल्का लोकांची लाल-काळी कापडं तिथे नक्की बघा, त्यात कुठलीच ओळ सरळ नाही, चित्रविचित्र प्राणी एकमेकांत गुंतलेले, आणि बऱ्याचदा तिथेच बसून बाई माग चालवत असते. रविवारी ताराबुकोचा आठवडी बाजार.

आणि पोतोसी. इथे दोन-तीनच दिवस, कारण उंची आणि थंडी. पण टाळू नका. १५४५ मध्ये इथल्या सेर्रो रिको डोंगरात चांदी सापडली आणि काही दशकांत ते जगातल्या मोठ्या शहरांपैकी एक झालं. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात मिता नावाची वेठबिगार लावली, गावोगावच्या पुरुषांना पाळीने खाणीत यावंच लागे, किती मेले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ती चांदी स्पेनला गेली, मनिलामार्गे चीनला गेली, आणि आपल्याकडेही आली, सुरतेच्या आणि गोव्याच्या बंदरांत स्पॅनिश रियाल उतरायचे आणि वितळवून त्यांचे मुघल रुपये पाडले जायचे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात सुरतेची श्रीमंती वाचलेली असते, तिचा एक धागा या डोंगरात येऊन पोचतो. कासा दे ला मोनेदा ही टांकसाळ बघा, आत प्रचंड लाकडी दातेरी चक्रं आहेत, खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरायची आणि वरच्या मजल्यावर चांदीचे पत्रे लाटले जायचे. दगडी इमारत आतून बर्फासारखी गार असते, दोन स्वेटर घाला.

खाणीच्या टूर मिळतात तिथे. माझं मत विचाराल तर जाऊ नका. तुमच्या मिस्टरांनी तर नाहीच, धूळ आणि विरळ हवा. पण तब्येत ठणठणीत असती तरी मी नकोच म्हटलं असतं. आत माणसं आजही काम करतायत, फुप्फुसं खराब करून घेतायत, वयाच्या पन्नाशीच्या आत कित्येक जण जातात, ते बघायला तिकीट काढून उभं राहणं मला पटत नाही. काही जण म्हणतात टूरच्या पैशाने मदत होते, ते खरंही असेल, तरी माझा पाय आत पडला नाही.

आता जेवण. घाबरू नका पण सावध राहा. नुसतं "सीन कार्ने" म्हणजे मांस नको म्हटलं तर कोंबडी आणून ठेवतात, कारण ती मांसात धरत नाहीत, म्हणून "सीन कार्ने, सीन पोयो, सीन पेस्कादो" असं पूर्ण म्हणा, म्हणजे कोंबडी आणि मासेही नकोत. सूप भाजीचं दिसलं तरी पाणी हाडांचं असू शकतं, विचारा. पेरूत दुपारी मेनू आणि बोलिव्हियात आल्मुएर्सो मिळतं, सूप, मुख्य ताट आणि सरबत एका ठरलेल्या भावात, पेरूत साध्या खानावळीत १० ते १५ सोलच्या (सोल हे तिथलं चलन) आसपास, तेच सगळ्यात स्वस्त पोटभर जेवण. तुम्हाला चालणारं म्हणजे आरेकीपाचं सोल्तेरितो, पावट्यासारखे हिरवे दाणे, मका आणि चीजची कोशिंबीर. पापा आ ला वांकाइना, उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीची चटणी, वर अंडं. मक्याचं कणीस आणि चीजचा तुकडा रस्त्यावर कुठेही. बोलिव्हियात सकाळी आपी, जांभळ्या मक्याचं गरम दाट पेय, सोबत चीजची मोठी तळलेली पुरी.

घरी करायचं तर खोली घेतानाच प्रेशर कुकर आहे का ते विचारा, तिकडे घरोघरी असतो. कारण ला पाझच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. मसाला पाकीटबंद न्या, हिंग आठवणीने. धान्य, बिया, फळं सीमेवर काढून घेतात, नेऊच नका.

साडी. खुशाल नेसा. बोलिव्हियात तुमच्या वयाच्या बायका रोजच्या रोज घेरदार पोयेरा म्हणजे घागरा, वर शाल आणि डोक्यावर गोल हॅट घालून बाजार करतात, बँकेत जातात, बस पकडतात. पारंपरिक कपड्यातल्या बाईकडे तिकडे कुणी वळून बघत नाही, फार तर कापड हातात घेऊन बघतील आणि कुठून आलात विचारतील, बोलायला तेवढंच निमित्त. मात्र गल्ल्या गोट्यांच्या आहेत, साडी जरा वर आणि पायात पकडीचे बूट हवेतच, आतून थर्मल घाला कारण मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम बरा असला तरी जून-जुलैत रात्री पोतोसीत पारा शून्याखाली जातो आणि स्वस्त खोल्यांत हीटर नसतो. प्रवासाच्या दिवशी पंजाबी ड्रेस बरा.

पैशाचं म्हणाल तर काही डॉलर रोख ठेवा, कोऱ्या नोटा, जराशी फाटलेली नोट तिकडे कुणी घेत नाही. आणि प्रत्येक मोठ्या मुक्कामातलेच दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. दोन्ही देशांत आंदोलनं झाली की रस्ते बंद करतात, कधी एक दिवस, कधी आठवडा. एक्सेलवाल्याचं सगळं कोलमडतं, तुमचं फक्त गावातलं राहणं वाढेल.

कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर चालू शेंगेन व्हिसा असेल तर पेरूला वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो पेरूत शिरताना किमान सहा महिने शिल्लक असावा लागतो. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी पेरूच्या दूतावासाच्या साईटवर स्वतः वाचा. आणि शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघा, म्युनिकहून जाऊन परत युरोपमार्गेच येणार आहात, नाहीतर परतताना अडकाल. अमेरिकेतून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तर भुलू नका, नुसतं विमान बदलायलाही तिथे व्हिसा लागतो. बोलिव्हियाचा व्हिसा वेगळा, तो आधी काढून ठेवा आणि किती दिवसांचा मिळतोय ते बघून सुक्रेचा मुक्काम ठरवा. जाताना लिमा आणि परतताना बोलिव्हियातलं सांताक्रूझ असं तिकीट बघा, तिथून माद्रिदला थेट विमान आहे, आल्या वाटेने परत जायला नको.

सगळ्यात आधी करायचं काम मात्र पिवळ्या तापाची लस. तुम्ही जंगलात जा नाहीतर जाऊ नका, पेरू-बोलिव्हियाहून भारतात परत येताना तिचा पिवळा दाखला लागतो, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. ही लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य ठराविक केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि दाखला लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो, मग आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढच्यांना या लसीचा गंभीर त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून मिस्टरांच्या बाबतीत डॉक्टरांचा स्पष्ट होकार घ्या, विमानाचं तिकीट त्यानंतर. डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा, कुठला महिना धरायचा आणि खोल्या कुठल्या भागात बघायच्या ते आपण त्यावरून पुढच्या वेळी ठरवू.